२००८ च्या छोट्या कॅमेऱ्यातून रॉ फाइली काढताना

वाईच्या मधल्या आळीतील आमचा वाडा पाडायचा असे १८ जून २०२३ च्या रविवारी ठरले आणि त्याच बैठकीत वाड्याचे फोटो काढून ठेवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. कागदपत्रे काकांकडे, सामान हलवणे चुलतभावांकडे आणि फोटो माझ्याकडे, अशी वाटणी झाली. पाडकाम दिवाळीनंतर सुरू होणार होते. मध्ये अधिक श्रावण येत असल्याने त्या महिन्यात घराला हात लावायचा नाही, यावर सर्वांचे विनातक्रार एकमत झाले. म्हणजे माझ्या हाताशी साधारण पाच महिने होते. फोटो काढणे हे एका रविवारचे काम आहे, अशी माझी त्या दिवशी समजूत होती.

घरात जो कॅमेरा होता तो वडिलांनी २००८ मध्ये घेतलेला कॅनन पॉवरशॉट ए५९० आयएस हा होता. आठ मेगापिक्सेलचा, दोन साध्या पेन्सिल सेलवर चालणारा, खिशात मावेल असा, आणि ज्याचा सेन्सर नखाएवढाही नाही असा हा कॅमेरा. त्यानेच २००९ मध्ये काढलेले माजघराचे काही फोटो माझ्याकडे होते. ते संगणकावर पूर्ण आकारात उघडून पाहिले तेव्हा खांबावरच्या लाकडाच्या रेषा नाहीशा होऊन तिथे मेण ओतल्यासारखा गुळगुळीत तपकिरी पट्टा दिसत होता, कोनाड्याच्या आत निव्वळ काळे होते आणि खिडकी पांढरीफटक होती. पुतण्याच्या फोनने काढून पाहिले तर माजघर इतके उजळ आले की ते आमचे माजघर वाटेना. त्या खोलीत दुपारी बारा वाजताही भिंत चाचपडत जावे लागे आणि मला तो अंधार फोटोत हवा होता, फक्त त्या अंधारात काय आहे तेही दिसायला हवे होते. नवा कॅमेरा घ्यायचे बजेट नव्हते. तेव्हा या जुन्या कॅमेऱ्यातून रॉ फाइल मिळते का, हा शोध मी सुरू केला. तो पुढे कसा गेला ते तारीखवार लिहितो, कारण मला हवी असलेली माहिती तुकड्यातुकड्यांत सापडली आणि क्रम माझा मलाच लावावा लागला.

आधी रॉ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका फक्त एकाच रंगाचा प्रकाश मोजतो, कारण त्याच्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. निम्म्या ठिपक्यांवर हिरवी आणि उरलेल्या निम्म्यांत लाल व निळी सारखी वाटलेली, ही मांडणी ईस्टमन कोडॅकमधील ब्राइस बायर यांची असून तिचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरावे लागतात. हे भरणे, पांढऱ्याचा तोल ठरवणे, दाणे, म्हणजे फोटोतली खरखर, पुसणे, कडा धारदार करणे आणि भिंगामुळे आलेले दोष झाकणे हे सगळे कॅमेरा स्वतः एक-दोन सेकंदांत उरकतो, त्याची जेपेग बनवतो आणि मूळ मोजमाप टाकून देतो. रॉ फाइल म्हणजे हे टाकून दिले जाणारे मोजमाप. कॅननच्या त्याच काळातील जी९ या मॉडेलमध्ये आणि २००९ च्या एस९० मध्ये रॉची सोय मेनूतच होती, परंतु ए मालिकेतील साध्या कॅमेऱ्यांत ती नव्हती. तिथे उपयोगी पडते ते सीएचडीके, म्हणजे कॅनन हॅक डेव्हलपमेंट किट. हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेले हे मोफत सॉफ्टवेअर मेमरी कार्डावर राहते, कॅमेरा सुरू होताना त्याच्या स्मृतीत चढते आणि कॅमेरा बंद केला की निघून जाते. कॅमेऱ्याच्या मूळ फर्मवेअरमध्ये, म्हणजे कंपनीने आत घातलेल्या प्रोग्राममध्ये, कायमचा बदल होत नाही. हे वाक्य मी तीन वेळा वाचले, कारण कॅमेरा वडिलांचा होता.

पहिला अडथळा फर्मवेअरच्या आवृत्तीचा. सीएचडीकेची प्रत केवळ मॉडेल पाहून घेऊन चालत नाही. त्या मॉडेलच्या नेमक्या फर्मवेअरसाठी बनवलेलीच प्रत लागते आणि ए५९० साठी अशा एकाहून अधिक प्रती आहेत. आपल्या कॅमेऱ्यात कोणती आवृत्ती आहे हे कळण्याची रीत सरकारी कार्यालयातील खिडकीसारखी आहे. संगणकावर एक रिकामी फाइल बनवायची, तिचे नाव ‘व्हर्स’, टिंब, ‘रेक’ या अक्षरांनी इंग्रजीत द्यायचे, ती कार्डाच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या बाहेर ठेवायची, कॅमेरा प्लेबॅकमध्ये, म्हणजे काढलेले फोटो पाहण्याच्या अवस्थेत, सुरू करायचा आणि फंक-सेटचे बटण दाबून धरून डिस्पचे बटण दाबायचे. २४ जूनला रात्री हे करून पाहिले आणि काहीच झाले नाही. दोन दिवस मी कॅमेऱ्याला दोष दिला. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की माझा संगणक फाइलींची शेपटे लपवत होता आणि माझ्या फाइलीला मागे गुपचूप ‘टीएक्सटी’ चिकटलेले होते. ते काढल्यावर पडद्यावर कॅमेऱ्याचे नाव आणि त्याखाली १.०१बी अशी आवृत्ती उमटली. हा आकडा लिहून ठेवावा, पुन्हा लागतो.

दुसरा अडथळा कार्डाचा. सीएचडीके दोन प्रकारे चढवता येते. एक म्हणजे कॅमेरा प्लेबॅकमध्ये सुरू करून मेनूच्या तळाशी आलेला ‘फर्म अपडेट’ हा पर्याय दरवेळी निवडणे. नाव छातीत धडकी भरवणारे असले तरी अपडेट कशाचेच होत नाही. दुसरा प्रकार म्हणजे कार्ड आपोआप चालणारे बनवणे. त्यासाठी एकदा पहिल्या मार्गाने आत जाऊन सीएचडीकेच्याच मेनूतून कार्ड ‘बूटेबल’ करायचे आणि मग कार्डाच्या कडेला असलेली लिखाणबंदीची खिटी ‘लॉक’ बाजूला सरकवायची. खिटी लॉक असूनही कार्डावर फोटो उतरतात, कारण त्या खिटीचा अर्थच सीएचडीके बदलून टाकते. ही गंमत पहिल्यांदा पचत नाही. मात्र या जुन्या कॅमेऱ्यांत आपोआप चालण्यासाठी कार्डाची रचना फॅट१६ पद्धतीची असावी लागते आणि माझे १६ जीबीचे कार्ड तसे नव्हते, म्हणून २ जीबीचे लहान कार्ड शोधणे आले. आजकाल दुकानात २ जीबीचे कार्ड मागितले की लोक आपल्याकडे जुन्या नाण्यांच्या छांदिष्टाकडे पाहावे तसे पाहतात. पुण्यात तपकीर गल्लीत चौथ्या दुकानात ते ३५० रुपयांना मिळाले. त्याच फेरीत २२० रुपयांचा कार्ड रीडर घेतला, जो घ्यावाच, कारण केबलने जोडल्यावर संगणकाला रॉ फाइली दिसतीलच याची खात्री नसते. चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर यांचे १,४५० रुपये झाले. त्या दिवशीचा हाच मोठा खर्च होता, पण साध्या सेलवर भरवसा ठेवून परगावी जाऊ नये.

एक खबरदारी इथेच सांगतो. कार्ड आधी कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे आणि सीएचडीके नंतर भरावे. पुढे कधी कार्ड भरले म्हणून कॅमेऱ्यातच फॉरमॅट केले तर सीएचडीकेही पुसले जाते आणि सगळा विधी पुन्हा करावा लागतो.

२ जुलैला संध्याकाळी कॅमेरा सुरू केल्यावर सीएचडीकेचे चिन्ह क्षणभर झळकले. प्रिंटचे बटण दाबले की आल्ट, म्हणजे सीएचडीकेची स्वतःची, अवस्था येते, तिथून मेनूत जाऊन रॉ साठवण्याचा पर्याय चालू केला आणि टेबलावरच्या तांब्याचा फोटो काढला. जेपेगसोबत दहा एमबीची एक फाइलही उतरली होती. पण मूळ स्थितीत सीएचडीके जी रॉ लिहिते तिला मस्तकच नसते. कॅमेरा कोणता, पांढऱ्याचा तोल काय, शटर किती यांपैकी एकही गोष्ट त्या फाइलीत नोंदलेली नसते. नुसती आकड्यांची रास असते आणि काही प्रोग्राम तिच्या आकारावरून कॅमेरा ओळखण्याचा प्रयत्न करतात. त्यामुळे रॉच्या मेनूतच डीएनजी हा पर्याय चालू करावा. डीएनजी ही ॲडोबीने २००४ मध्ये जाहीर केलेली खुली रचना आहे आणि तिच्यात ही सगळी माहिती मस्तकात जाते.

डीएनजी चालू करताना कॅमेऱ्याने ‘बॅडपिक्सेल’ नावाची फाइल मागितली. प्रत्येक सेन्सरवर काही ठिपके जन्मतःच मेलेले असतात. कारखान्यात त्यांची नोंद होते आणि जेपेग बनवताना कॅमेरा ते शेजाऱ्यांवरून भरून काढतो, म्हणून आपल्याला ते कधी दिसत नाहीत. रॉमध्ये मात्र त्यांच्या जागी शून्य असते, म्हणजे फोटोभर टाचणीच्या टोकाएवढी काळी छिद्रे. सीएचडीकेसोबत यासाठी एक छोटी स्क्रिप्ट येते. ती चालवली की कॅमेरा दोन फोटो काढतो, दोन्हींतील मेलेले ठिपके मोजतो, आकडे जुळले का ते विचारतो आणि यादी कार्डावर लिहितो. हे एकदाच करायचे असते. ती फाइल मी लगेच संगणकावर वेगळी ठेवली, कारण कार्ड पुसले गेले तर तीही जाते.

९ जुलैच्या रविवारी पहाटेच्या एसटीने स्वारगेटहून वाईला गेलो. पावसामुळे चौकात पाणी साचले होते. मित्राकडून मागून आणलेला ट्रायपॉड माजघरात, देवघरात, माळ्यावर मांडून दिवसभर ९४ फोटो काढले, काकूंच्या हातचे पिठले-भाकरी खाऊन रात्री परतलो आणि कार्ड संगणकाला लावले तर त्यात ९४ जेपेग आणि शून्य डीएनजी. झाले होते असे की सकाळी कार्ड कॅमेऱ्यात सरकवताना ती सैल खिटी स्वतःच अनलॉक बाजूला गेली होती आणि कॅमेरा आपल्या मूळच्या साळसूद स्वरूपात सुरू झाला होता. सुरुवातीला चिन्ह झळकले नाही, हे मला पावसाच्या आणि नातेवाइकांच्या गडबडीत कळलेच नाही. फोटो काढल्यानंतर डीएनजी लिहायला चार-पाच सेकंद लागतात, ती थांबणीही त्या दिवशी नव्हती, आणि मी वेडा मनात म्हणत होतो की आज कॅमेरा झपाझप चालतो आहे. त्या रात्री मी कोणाशी फारसे बोललो नाही. दुसऱ्या दिवशी खिटीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला, तो आजही आहे.

दुसरी फेरी २२ आणि २३ जुलैला झाली. यावेळी वाड्यात पाऊल टाकायच्या आधी ओट्यावर उभे राहून एक फोटो काढला आणि डीएनजी लिहिली गेल्याची खात्री केली. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ८० या सर्वांत खालच्या पायरीवर ठेवला, कारण एवढ्या लहान सेन्सरवर ती वाढवणे म्हणजे दाण्यांना आमंत्रण. छिद्र एफ ४ च्या आसपास, दोन सेकंदांचा टायमर आणि शटर लागेल तेवढे, म्हणजे देवघरात एक सेकंद आणि माजघराच्या आतल्या कोपऱ्यात आठ सेकंद. सव्वा सेकंदाहून मोठ्या शटरला हा कॅमेरा नंतर पडदा बंद ठेवून तितक्याच वेळाचा एक काळा फोटो घेतो आणि सेन्सरच्या उष्णतेने आलेले दाणे त्याच्या आधारे वजा करतो. म्हणून आठ सेकंदांच्या एका फोटोला लिहिण्यासकट वीस सेकंद लागत. काका झोपाळ्यावर बसून हे पाहत होते. “आमच्या लग्नात फोटोग्राफर एवढा वेळ घ्यायचा नाही,” असे ते म्हणाले, पण शेवटपर्यंत उठले नाहीत.

शटर किती ठेवायचे याचे एक गणित आहे आणि ते मला मोलाचे वाटले. या कॅमेऱ्याची रॉ दहा बिटांची आहे, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला १,०२४ पायऱ्या. जेपेगच्या २५६ च्या तुलनेत हे भरघोस वाटते. पण सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो, त्यामुळे सर्वांत उजळ एका स्टॉपलाच (स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याचा टप्पा) ढोबळमानाने निम्म्या, म्हणजे ५१२ पायऱ्या जातात, त्याखालच्या स्टॉपला २५६, मग १२८, ६४, असे करत सहाव्या स्टॉपला जेमतेम १६ उरतात. शिवाय काळ्याची सुरुवात शून्यापासून न होता ३१ पासून होते. म्हणून फोटो मुद्दाम अंधारा काढून ‘नंतर उजळवू’ म्हटले तर सावल्यांत पट्टे आणि डाग येतात. उलट एकदा ठिपका १,०२३ ला टेकला की त्यापलीकडचे कायमचे गेले. मी प्रत्येक चौकटीत खिडकीचे गज पाहायचो. गजांमधला आकाशाचा तुकडा गेला तरी चालेल, पण गजांच्या कडा आणि खिडकीचा कट्टा वाचला पाहिजे, या हिशेबाने शटर ठरवून एक फोटो आणि त्याच्या दुप्पट शटरचा दुसरा, अशी जोडी घेत गेलो. सीएचडीकेचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, याला मदत करतो, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, म्हणून ही जोडी. प्रत्येक खोलीत एकदा ४०० रुपयांचे ग्रे कार्ड, म्हणजे नंतर रंगाचा तोल घेण्यासाठीचे करडे कार्ड, धरून फोटो घेतला. पांढरा कागद यासाठी वापरू नये, त्यात निळसर झळाळी आणणारी रसायने असतात आणि रंगाचा तोल चुकतो. दोन दिवसांत १३१ फोटो झाले. जेपेग आणि डीएनजी मिळून एका फोटोला तेरा एमबीच्या आसपास जागा लागते, त्यामुळे २ जीबीचे कार्ड शेवटी बहुतांश भरले होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फाइली उघडल्या. मी रॉथेरपी हा मोफत प्रोग्राम वापरला, त्यात भिंगाचा बाक हाताने दुरुस्त करण्याची पट्टी आहे, एवढ्या एका कारणाने. पहिली डीएनजी ‘न्यूट्रल’ या, म्हणजे काहीही न सुधारलेल्या, अवस्थेत उघडली आणि मला अक्षरशः पस्तावल्यासारखे झाले. कॅमेऱ्याची जेपेग तिच्याहून कितीतरी देखणी होती. रॉ करडी, मेलेली, दाणेदार होती, कडीपाटाच्या सरळ तुळया कडेला पोट सुटल्यासारख्या बाहेर वाकल्या होत्या आणि खिडकीच्या गजांना जांभळी किनार होती. हे सगळे भिंगाचे आणि सेन्सरचे मूळ रूप, जे कॅमेरा आपल्याला इतकी वर्षे सावरून दाखवत होता. रॉ घेतली म्हणजे कॅमेरा सुधारला असे होत नाही. कॅमेऱ्याने करायचे काम आपण अंगावर घेतो, इतकेच. हे आधी कळले असते तर त्या रात्री तो फोल्डर बंद केला नसता.

चार दिवसांनी पुन्हा बसलो आणि एकच फोटो धरून ठेवला. माजघरातील मधला खांब, ज्यावर आम्हा भावंडांच्या उंचीच्या खुणा सुरीने कोरलेल्या आहेत. आधी त्या खोलीच्या ग्रे कार्डवरून पांढऱ्याचा तोल घेतला. लगेच हिरवट झाक गेली आणि सागवानाचा तांबूस रंग वर आला. मग कच्च्या फाइलीच्या विभागात जाऊन जांभळ्या किनारीसाठी आपोआप दुरुस्ती चालू केली. ठिपक्यांचे रंग भरण्याच्या, म्हणजे डीमोझेइकच्या पद्धती तिथे अनेक आहेत. एएमएझेडई ही पद्धत बारीक तपशील उत्तम काढते, पण दाणेदार फोटोंत एलएमएमएसई अधिक बरी. मी दोन्ही लावून खांबाचा तोच एक इंच पाहिला. पहिलीत लाकडाच्या रेषांमधून चक्रव्यूहासारखी खोटी नक्षी उमटत होती, दुसरीत ती नव्हती. बाकाची पट्टी मी तुळईच्या कडेला कागदाची सरळ पट्टी पडद्यावर धरून सरकवली. उपाय गावठी आहे, पण जमतो. झूमच्या सर्वांत रुंद टोकाला जो आकडा मिळाला तोच त्या टोकाच्या बाकी सर्व फोटोंना चालला.

दाण्यांच्या बाबतीत मी सर्वाधिक वेळ घालवला, आणि सर्वाधिक चुकाही तिथेच केल्या. दाणे दोन प्रकारचे असतात. रंगाचे दाणे, म्हणजे काळ्या सावलीत दिसणारे लाल-हिरवे ठिगळ, हे निःसंकोच पुसावेत. उजेडाचे दाणे, म्हणजे वाळूसारखी खरखर, पुसायला लागलो की लाकडाच्या रेषाही त्याबरोबर जातात आणि २००९ च्या मेणाच्या खांबाकडे आपण परत येतो. शेवटी रंगाचे दाणे आपोआप पर्यायाने काढले आणि उजेडाचे जवळजवळ तसेच ठेवले. छापल्यावर ते दिसत नाहीत. हा परिणाम पाहताना फोटो शंभर टक्के आकारात ठेवावा लागतो. लहान करून पाहिल्यास काही बदल पडद्यावर दिसतच नाहीत आणि आपण पट्टी उगाच पुढे ढकलत राहतो. मी दोन संध्याकाळी हेच करत होतो.

साडेतीन तासांनी तो खांब जेपेगशेजारी ठेवून पाहिला. जेपेगमध्ये उंचीच्या खुणा म्हणजे पाच-सहा गडद आडव्या रेघा होत्या. आता प्रत्येक खुणेच्या कडेला सुरी घसरल्याची बारीक चीर दिसत होती, एका खुणेत जुना तेलाचा मळ साचून काळा झाला होता आणि सर्वांत खालच्या खुणेशेजारी कोरलेले ‘श’ हे अक्षर उमटले होते. ते तिथे आहे हे मी स्वतःही विसरलो होतो.

पुढचे फोटो सोपे गेले, कारण एका फोटोवर केलेले सगळे बदल त्याच खोलीच्या बाकी फोटोंवर एका झटक्यात चिकटवता येतात. मूळ डीएनजीला धक्का लागत नाही. बदलांची नोंद शेजारी पीपी३ या शेपटाच्या छोट्या फाइलीत होते, म्हणून नक्कल ठेवताना दोन्ही फाइली सोबत ठेवाव्यात. देवघर मात्र शेवटपर्यंत हाती लागले नाही. तिथे पिवळा बल्ब आणि खिडकीचा निळसर उजेड एकाच चौकटीत होते. बल्ब सांभाळला तर भिंत निळी, भिंत सांभाळली तर देव केशरी. बल्ब बंद करून फोटो घ्यायला हवा होता. देवघरातला दिवा विझवायला काकूंनी परवानगी दिली नसती, असे स्वतःला समजावून मी केशरी देव मान्य केले. गणपती १९ सप्टेंबरला बसले, तोपर्यंत १३१ पैकी ४६ फोटो निवडून तयार झाले होते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एकेक फाइल बाहेर पडायला अर्धे मिनिट लागे, म्हणून रात्री सगळे रांगेत लावून झोपायचो.

छपाईची हकिगत थोडक्यात. ८ बाय १२ इंचांचे २४ फोटो ठरवले. कॅमेऱ्याची चौकट ४:३ ची आणि कागद ३:२ चा, त्यामुळे वरखाली कापून ३,२६४ बाय २,१७६ ठिपके उरतात, म्हणजे इंचाला २७२. तेवढे पुरते. कापण्याचे काम स्वतः करावे, लॅबवर सोडू नये. एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीतील जेपेग देऊन आधी चारच फोटो छापून घेतले, प्रत्येकी ५० रुपये. ते आले तर माजघर पुन्हा लख्ख उजळलेले. चौकशी केल्यावर कळले की लॅबच्या यंत्रावर आपोआप सुधारणा चालू असते आणि नको असल्यास अर्जावर ‘करेक्शन नको’ असे लिहावे लागते. त्यासाठी वेगळा रकाना नव्हता, मी समासात लिहिले. दुसऱ्या खेपेला अंधार जसाच्या तसा आला. सर्व २४ फोटोंचे १,२०० रुपये झाले, वाया गेलेले २०० वेगळे. प्रवास सोडून एकूण खर्च सुमारे ३,८०० रुपये.

तुळशीच्या लग्नानंतर वाडा उतरवायला सुरुवात झाली आणि २ डिसेंबरला मी छापील फोटो काकांना दाखवायला नेले. त्यांनी चष्मा पुसून एकेक फोटो खिडकीपाशी धरून पाहिला. खांबाच्या फोटोपाशी ते बराच वेळ थांबले. मग माजघरातून परसात जाणाऱ्या दाराचा फोटो हातात घेऊन त्यांनी मान तिरपी केली, सरळ केली आणि विचारले, “हे दार तू सरळ केलंस का रे?” मी केले होते. चौकट पावणेदोन अंशांनी कलली होती, ट्रायपॉड वाकडा लागला असावा असे धरून मी तिच्या कडेवर रेघ ओढली होती आणि प्रोग्रामने फोटो फिरवला होता. “ती चौकट कधीच सरळ नव्हती,” काका म्हणाले. “दार आपोआप मिटायचं. म्हणून तर दादांनी खाली दगड लावून ठेवला होता. बघ, आहे ना तुझ्याच फोटोत.”

दगड फोटोत होता. घरी येऊन ती डीएनजी उघडली, फिरवण्याच्या रकान्यात पुन्हा शून्य घातले आणि एकच प्रत छापायला दिली. अर्जाच्या समासात ‘करेक्शन नको’ लिहायला यावेळी विसरलो नाही.